सराईत मुक्कामाला मनाई

एक भाकरी तव्यावर होती आणि दुसरी मी परातीत थापत होते, तेवढ्यात कमानीत अप्पा येऊन उभे राहिले. अंगात खाकी सदरा, खाकी विजार, छातीवर पितळेचा बिल्ला आणि तोंडात शिट्टी. त्यांनी शिट्टी वाजवली. एकदाच, पण अशी की दावणीला बसलेली आमची म्हैस उठून उभी राहिली.

"वेळ झाली," अप्पा म्हणाले. "बाहेर व्हा."

मला वाटलं, साप निघाला. पिठाचे हात तसेच घेऊन मी उठले. "काय झालं अप्पा?"

"दिवस बुडाला. दिवस बुडाल्यावर इमारतीत कोणी थांबायचं न्हाई."

"कोणी म्हणजे?"

"कोणी म्हणजे कोणीच."

माझ्या सासूबाई, त्यांना सगळे माय म्हणत, भिंतीला टेकून डाळ निवडत बसल्या होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "सूनबाई, त्यांना भाकरी वाढ आधी. उपाशी पोटी डोकं फिरतंय माणसाचं."

"स्वयंपाकालाबी मनाई हाय," अप्पा म्हणाले. "ती चूल विझवा."

माझा नवरा बसवंत शेतातून कडब्याची पेंढी डोक्यावर घेऊन दारात आला, तर अप्पांनी त्याला उंबऱ्यावरच हात आडवा घातला. "सूर्योदयाला उघडतंय," ते त्याला म्हणाले, जणू तो कुठून लांबून आलेला प्रवासी होता. बसवंतनं एकदा बापाकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं, आणि पेंढी खाली ठेवली.

अंधार पडायच्या आत आम्ही सगळे रस्त्यावर आलो. माझ्या हातात अर्धी कच्ची भाकरी होती. अप्पांनी दाराला भलंमोठं कुलूप लावलं, ओढून पाहिलं, पुन्हा ओढून पाहिलं आणि किल्ली खिशात घातली. आता हे स्वतः मागच्या बाजूनं आत जाऊन झोपणार, असं मला वाटलं. पण त्यांनी दारासमोर पोतं अंथरलं आणि तिथंच आडवे झाले. पहारेकऱ्यालाही आत झोपायची परवानगी नव्हती.

मी त्या घरात नवी होते. लग्नाला वर्षही व्हायचं होतं.

आमचं घर म्हणजे सावरघाटाच्या तोंडाशी असलेली जुनी दगडी सराई. पूर्वी घाट चढून दमलेले बैलांचे तांडे आणि व्यापारी रात्रीपुरते तिथं उतरायचे. मधे चौक, चारी बाजूंनी कमानी, प्रत्येक कमानीमागं एक खोली. अप्पांचं घराणं या उतारूंना पाणी आणि वैरण पुरवायचं. पुढं घाटातून मोटाररस्ता झाला, तांडे बंद पडले, उतारू संपले. राखणारे तेवढे मागं राहिले. एका खोलीत चूल आली, एकीत कडबा, एकीत म्हैस. माझ्या वडिलांनी स्थळ बघताना मुलापेक्षा भिंत जास्त वेळ बघितली होती. आमचं माहेरचं घर मातीचं, दर पावसाळ्यात त्याची एखादी भिंत बसायची. ते परत येऊन आईला म्हणाले, "पोरगा गरीब वाटला. पण भिंत हातभर जाडीची हाय."

मी नांदायला आले त्याच फाल्गुनात खासनीस नावाचे एक साहेब गावात आले. जुन्या इमारतींच्या खात्याचे. तालुक्यात किती जुनं काय काय उभं आहे, ते ते पाहत फिरत होते. पहिल्यांदा ते अर्थातच भुजंगराव पाटलांच्या गढीवर गेले, कारण गढीइतकं जुनं आमच्या मुलखात काही नाही असं सगळेच धरून चालले होते, भुजंगराव तर फारच. साहेबांनी गढीचा कोपरा उकरला आणि विटा इंग्रजांच्या अमलातल्या निघाल्या. मग महादेवाच्या देवळात गेले. देऊळ मूळचं फार जुनं, पण गावानं भक्तीच्या भरात ते पाडून नवं केलेलं आणि भिंतींना न्हाणीघरासारखी फरशी बसवलेली. खासनीस उन्हानं आणि निराशेनं कासावीस होऊन आमच्या दारात पाणी मागायला आले.

तांब्या तोंडाला लावताना त्यांची मान वर गेली. दारावर एक लांब दगड होता. त्याला एक खिळा होता आणि खिळ्याला अप्पांचं घोंगडं. साहेबांनी घोंगडं बाजूला केलं, मायकडून विळा मागून घेतला आणि चुन्याचे थर खरवडायला लागले. आतून फारसी अक्षरं निघाली. त्यांनी ती वाचली, पुन्हा वाचली. पाणी प्यायचं राहूनच गेलं.

"अप्पा," ते म्हणाले, "या तालुक्यात आज उभी असलेली सगळ्यात जुनी इमारत तुमचं स्वयंपाकघर आहे."

अप्पांनी घोंगड्यावरचा चुना झटकला. मग त्यांनी विचारलं, "मग आता तिला काय करावं लागंल?"

"राखावी लागेल."

"कोणी?"

खासनीस हसले. "इतके दिवस तुम्हीच राखलीत. पुढंही तुम्हीच राखा."

ते बोलले आणि तसंच झालं. ज्येष्ठात खात्याचा गणवेश आला, तोही कुणा जाड्या माणसाच्या मापाचा. शिट्टी आली, बिल्ला आला आणि लोखंडी खांबांवर निळा फलक आला. फलक मी वाचून दाखवला. इमारत सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत खुली राहील. मुक्काम करण्यास मनाई आहे. स्वयंपाक करण्यास, जनावरं बांधण्यास, भिंतीत खिळे ठोकण्यास मनाई आहे. अप्पांनी तो माझ्याकडून पुन्हा पुन्हा वाचून घेतला आणि डोळे मिटून मनात बसवला.

खासनिसांनी त्यांना बाजूला घेतलं. "तुम्ही तूर्त राहता तसे राहा. फलक बाहेरच्या लोकांसाठी आहे."

"तसं फलकावर लिवलेलं न्हाई," अप्पा म्हणाले.

साहेबांना वाटलं म्हातारा गंमत करतोय. ते हसत जीपमध्ये बसले. त्याच संध्याकाळी आम्ही रस्त्यावर आलो.

रस्त्यापलीकडं लिंबाच्या झाडाला बसवंतनं ताडपत्री बांधली आणि आमचा संसार तिच्याखाली गेला. सकाळी दार उघडलं की आम्ही इतर कोणाहीसारखे आत जाऊ शकत होतो. फिरून बघू शकत होतो. मायनं त्या दिवसापासून अप्पांशी बोलणं सोडलं. जे सांगायचं ते माझ्यामार्फत आणि अप्पांचं नाव पडलं सरकार.

"सूनबाई, सरकारला विचार, मिठाची बरणी आत राहिलीय. ती खात्याची का आपली?"

अप्पा यावर खरोखर विचार करायचे. "बरणी आपली. कोनाडा खात्याचा. बरणी उचला, कोनाड्याला धक्का लागू देऊ नका."

"आन घोंगडं?"

"घोंगडं घ्या. खिळा राहू द्या. खिळा काढणं म्हंजे इमारतीत फेरफार."

म्हशीला मात्र हे पटेना. तिचा जन्म त्या खोलीतला. रोज संध्याकाळ व्हायच्या आत ती दावं ओढून रस्ता ओलांडायची आणि आपल्या जागेवर जाऊन उभी राहायची. तिला ओढून काढताना अप्पांचा दम निघायचा. शेवटी त्यांनी मला कागद घ्यायला लावला आणि खात्याला रीतसर कळवलं की, गुरुलिंग शिवप्पा हालकुडे यांची म्हैस मनाई असताना वारंवार इमारतीत शिरते.

"अप्पा, गुरुलिंग हालकुडे तुम्हीच," मी म्हणाले.

"म्हशीचा मालक तो. मी पहारेकरी. दोघांची गल्लत करू नको."

खात्यानंही गल्लत केली नाही. दोन पत्रं आली. एक पहारेकऱ्याला, की जनावर आत कसं शिरलं याचा खुलासा करा. दुसरं मालकाला, की तुमच्यावर कारवाई का करू नये. पोस्टमननं दोन्ही एकाच माणसाच्या हातात दिली. पहारेकऱ्याचं उत्तर अप्पांनी सकाळी गणवेशात सांगितलं. मालकाचं उत्तर द्यायला त्यांनी गणवेश काढला, धोतर नेसले, लिंबाखाली येऊन बसले आणि फार कडक बोलले. म्हैस मुकं जनावर आहे, दोष सगळा पहारेकऱ्याचा आहे, तो कामात ढिला आहे, असं त्यांनी मला लिहायला लावलं. दुसऱ्या दिवशी सकाळपासून ते आणखी सावध पहारा द्यायला लागले. मालकाचं बोलणं त्यांच्या मनाला लागलं होतं.

भुजंगराव पाटील रोज सकाळी सराईच्या ओट्यावर येऊन बसत. गढीचा मान गेल्यापासून त्यांना घरात करमत नव्हतं. सुरुवातीला ते गढीलाही निदान एक छोटा फलक मिळावा म्हणून खासनिसांच्या मागं लागले होते. पण आम्हाला ताडपत्रीखाली बघितल्यावर त्यांनी तो विषय सोडून दिला.

"गुरुलिंग," एकदा ते म्हणाले, "ही सराई. बांधणाऱ्यानं मुक्कामासाठीच बांधली. आन तुझा फलक मनतोय, मुक्काम करू नका. मग येणाऱ्यानं इथं करावं काय?"

"बघावं आन जावं."

"पोरगा-सून पावसात बसवलीस. गढीवर राहायला या सगळे. माझी गढी..." इथं त्यांनी डोक्यावरचा फेटा सारखा केला. "माझी गढी नवी हाय. तिथं कोणाचा नियम न्हाई."

अप्पांनी हात जोडले. पहारा सोडून कसं येता येईल, म्हणाले.

आषाढ लागला आणि घाटातला पाऊस सुरू झाला. तो कोसळत नाही, नुसता लागून राहतो. चुलीतली लाकडं धुमसायची, अंथरुणाला वास यायचा, ताडपत्रीच्या पोटात साठलेलं पाणी बसवंत काठीनं वर ढकलायचा आणि ते नेमकं माझ्या पाठीवर यायचं. समोर आमचं घर कोरडंठाक, कुलूपबंद. मी रात्री डोळे उघडे ठेवून त्याच्याकडं बघत पडायची. वेडा कोण, अप्पा की मी, हेच मला कळेनासं झालं होतं.

अशात खासनीस आले. जीपमधून उतरले, आम्हाला पाहिलं आणि चिखलात तसेच उभे राहिले.

"हे बाहेर का आहेत?"

"फलक हाय साहेब," अप्पा म्हणाले.

खासनिसांनी कपाळाला हात लावला. मग त्यांनी जे सांगितलं ते असं. त्यांनी वर कळवलं होतं की सराईत एक कुटुंब पिढ्यानपिढ्या राहतं. तसं कुटुंब राहत असेल तर त्याला हलवण्याआधी समोरच्या गायरानात जागा आणि घर द्यावं लागतं. मंजुरी जवळजवळ झाली होती. नागपंचमीच्या आदल्या दिवशी मोठे साहेब स्वतः बघायला येणार होते.

"आणि आत कोणी राहतच नसेल तर जागा कोणाला देणार? आत अतिक्रमण असलं पाहिजे, अप्पा. असलं तरच मला ते काढता येईल."

"मी पहाऱ्यावर असताना अतिक्रमण?"

"एक दिवस. एकच दिवस यांना आत राहू द्या. मग मी काढतो."

"कोणी राहिलं तर मी शिट्टी मारणार."

"मग तुम्ही त्या दिवशी रजा घ्या."

"रजेचा अर्ज पंधरा दिवस आधी द्यावा लागतो. तुमीच सांगितलंव."

खासनिसांच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी राहिलं. ते मायकडं वळले. माय चुलीत फुंकर घालत होत्या. "बाई, तुम्ही तरी सांगा यांना."

"माझं सरकारशी बोलणं न्हाई," माय म्हणाल्या.

पंचमीच्या आदल्या दिवशी दुपारी माझा भाऊ मल्लिनाथ मला न्यायला आला. लग्नानंतरची पहिली पंचमी होती, माहेरी जायचंच होतं. तो एसटीतून उतरला, सराईच्या दाराकडं गेला आणि मी पलीकडून हाक मारली तेव्हा थबकला. ताडपत्रीखाली वाकून आला. बसायला कोरडी जागा शोधली, ती सापडली नाही.

"हे काय?"

"घर तिकडं हाय," मी म्हणाले. "दिवसा जाता येतं."

दादानं सगळं ऐकून घेतलं. त्याचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "म्हंजे घर हाय, रिकामं हाय, किल्ली तुझ्या सासऱ्याच्या खिशात हाय, आन तुमी समोर भिजत बसलाव?"

"व्हय."

"कापडं भर. पंचमीला चल. परत यायचं का न्हाई ते आपण मागून बघू."

मी बसवंतकडं पाहिलं. तो काठीनं ताडपत्रीचं पाणी ढकलत होता. "जा," तो म्हणाला. "मला कोणी न्यायला आलं असतं तर मीबी गेलो असतो."

मी कपडे भरले. सगळे भरले, लग्नातलं लुगडंसुद्धा. पंचमीला कोणी सगळे कपडे नेत नाही, हे मायनं पाहिलं.  त्या उठल्या, पदर खोचला, चुलीतला जाळ विझवला, मातीची ती ओली चूल दोन्ही हातांनी उचलून कडेवर घेतली आणि रस्ता ओलांडायला लागल्या.

"माय, कुठं चालल्या?" मी विचारलं.

"अतिक्रमण करायला."

त्यांच्या मागं बसवंत, त्याच्या मागं हातात गाठोडं तसंच घेतलेली मी, आणि काय होतंय ते न कळून दादाही. म्हशीला कोणी बोलवावं लागलं नाही. दारात अप्पा उभे होते. दिवस अजून वर होता, त्यामुळं माणसांना त्यांना अडवता येत नव्हतं.

"चूल आत नेता येत न्हाई," ते म्हणाले.

"सूनबाई, सरकारला सांग, पेटवली न्हाई अजून."

अप्पांनी मनातल्या मनात फलक वाचला. फलकावर स्वयंपाकाला मनाई होती, चुलीला नव्हती. ते बाजूला झाले.

आत गेल्यावर माय आपल्या जुन्या स्वयंपाकाच्या खोलीत गेल्या नाहीत. चौकाच्या दाराकडच्या कोपऱ्यात एक तगरीचं झाड होतं, फुलांनी भरलेलं. त्याच्या बुंध्याशी चूल ठेवून त्या तिथंच चिखलात बसल्या. मला वाटलं दमल्या असतील.

दिवस कलायला आला तेव्हा जीप आली. मोठे साहेब किडकिडीत होते, हातात छत्री, बूट चिखलानं जड झालेले, आणि त्यांना खोकला होता. मागं खासनीस आणि त्यांच्या मागं, काही बघायला मिळेल म्हणून, भुजंगराव. खासनिसांनी आम्हाला चौकात पाहिलं आणि त्यांचा चेहरा असा उजळला की मला त्यांची दया आली.

"हे अतिक्रमणदार, साहेब," ते म्हणाले.

"आणि हे?"

"पहारेकरी."

मोठे साहेब अप्पांकडं वळले. "पहारेकरी, या लोकांना ओळखता?"

"व्हय साहेब. ती माझी बायको. हा मुलगा. ती सून. तो सुनेचा भाऊ, तो आजच आलाय, त्याला धरू नका. म्हैस आपलीच."

साहेबांना खोकल्याची उबळ आली. ती थांबल्यावर त्यांनी विचारलं, "इथं कधीपासून राहतात?"

"आज दुपारपासून," अप्पा म्हणाले.

खासनिसांनी डोळे मिटून घेतले.

"त्याआधी कुठं होते?"

"रस्त्यावर. रोज शिट्टी मारून मी बाहेर काढतो."

"आणि त्याच्याही आधी?"

"त्याच्या आधी हितंच. ही लगीन होऊन हितं आली. माझी आई हितंच आली होती. तिच्या सासूची सासू कुठं आली ते सांगायला कोणी ऱ्हायलं न्हाई."

खासनिसांनी डोळे उघडले. साहेबांनी मान हलवली. म्हणजे एवढं तरी जमलं, असं वाटून मी गाठोडं खाली ठेवलं. साहेबांनी चौकभर नजर फिरवली, कमानी पाहिल्या, कोपरे पाहिले. ते खूश दिसले.

"स्वच्छ ठेवलीय. मग आता सूर्यास्तानंतर इमारत पूर्ण रिकामी असते. एकही माणूस आत राहत नाही. बरोबर? खात्रीनं सांगा, मला तसं वर कळवायचं आहे."

अप्पांनी खिशातली किल्ली चाचपली.

"पहारेकरी?"

अप्पांनी हातातली शिट्टी सोडली. ती दोरीनं छातीवर लोंबकळायला लागली. ताठ उभं राहून ते म्हणाले, "रिकामी नसती साहेब."

"म्हणजे?"

"दोघं ऱ्हातात."

"कोण दोघं?"

अप्पांनी तगरीकडं बोट केलं. "तितं. आमची दोन लेकरं हायेत. आमच्यात पुरतात साहेब. तवा फलक नव्हता, काय ठावं नव्हतं. मागून फलक आला. सगळ्यांना बाहेर काढलं, म्हशीला काढलं. ह्यांना काढणं माझ्याच्यानं झालं न्हाई. मी हे कोणाला कळवलंबी न्हाई. तेवढा कसूर झालाय. काय शिक्षा असंल ती द्या."

पाऊस बारीक लागून होता.  भुजंगरावांनी डोक्यावरचा फेटा काढून हातात घेतला. मी बसवंतकडं पाहिलं. त्याला ठाऊक होतं. मला कोणी सांगितलं नव्हतं. मग मला दिसलं की रात्री अप्पा दारासमोर पोतं टाकून झोपतात ती जागा आणि हे झाड यांच्यात फक्त एक भिंत आहे.

माय बुंध्याशी बसल्या होत्या, तशाच राहिल्या. फक्त म्हणाल्या, "सूनबाई, सरकारला सांग, थोरल्याचं नाव सांगा मनावं."

मला सांगावं लागलं नाही. "थोरला रेवणसिद्ध," अप्पा म्हणाले. "धाकटी पोरगी. तिचं बारसं व्हायचं होतं."

मोठे साहेब छत्री धरून उभे होते. मग त्यांनी ती मिटली, का ते मला कळलं नाही, आणि भिजत तगरीपर्यंत गेले. परत येऊन अप्पांसमोर उभे राहिले.

"पहारेकरी, मुक्कामाला मनाई आहे ती माणसांना."

"व्हय साहेब."

"ही दोघं मुक्कामाला नाहीत. ती इमारतीचा भाग आहेत. इमारतीच्या कुठल्याही भागाला हात लावायचा नाही, कोणी लावू द्यायचा नाही. हे तुमचं काम आहे. समजलं?"

 नवा नियम अप्पांनी डोळे मिटून मनात बसवला. "समजलं," ते म्हणाले.

"आन आमी जित्ती माणसं?" मायनं पहिल्यांदाच मान वर केली.

"तुम्हाला समोर जागा मिळेल, बाई. खासनीस, बघा ते."

अप्पांनी आभाळाकडं पाहिलं. ढगात सूर्य कुठं दिसत नव्हता, पण त्यांना तो कळत असे. त्यांनी शिट्टी तोंडात धरली आणि वाजवली. सगळे दचकले. "वेळ झाली," ते म्हणाले. "बाकीचे बाहेर व्हा. साहेब, तुमीबी."

मोठे साहेब सगळ्यांत आधी निघाले. उंबऱ्यावर त्यांचा बूट घसरला तेव्हा अप्पांनी त्यांना दंडाला धरून सावरलं, आणि आम्ही सगळे बाहेर आल्यावर कुलूप लावून ओढून पाहिलं. चूल मी आणली होती. जीप गेली. मायनं चूल मांडली, पेटवली, भाकऱ्या टाकल्या, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा, माझ्याकडं न बघता रस्त्यापलीकडं हाक दिली, "तो बिल्ला काढून या. भाकरी गरम हाय तवर खाऊन घ्या."

अप्पा आले. बिल्ला काढून त्यांनी तो सदऱ्याच्या खिशात ठेवला आणि मायच्या शेजारी बसून जेवले.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीनं मी दादाबरोबर माहेरी गेले. पंचमीचे झोके खेळले, मेंदी लावली. दादा म्हणाला होता मागून बघू, पण त्यानं विषय काढला नाही, आणि मीही नाही. ठरलेल्या दिवशी मला न्यायला कोणी आलं नाही, कारण बसवंतला वाटत होतं मी येणार नाही. मी एकटीच एसटीत बसले आणि घाटाच्या तोंडाशी उतरले. गाठोड्यात सगळे कपडे होते.

जागा मिळायला वेळ लागला, पण मिळाली. विटांचं घर, वर पत्रे, पहिल्याच पावसात गळलं. तिथंच माझी तीन मुलं झाली. माय रोज सकाळी दार उघडलं की सराईत जायच्या, तगरीखाली बसायच्या आणि शिट्टी झाली की उठून यायच्या. अप्पांनी त्यांना कधी एक मिनिट जास्त बसू दिलं नाही, आणि त्यांनीही कधी मागितलं नाही.

दर महिन्याला इमारतीची हालहवाल खात्याला कळवावी लागे. अप्पा सांगायचे, मी लिहायची. कमानी ठीक. छत ठीक. दारावरचा लेख ठीक. जनावर शिरलं नाही. आणि सगळ्यात खाली, ते निवृत्त होईपर्यंत न चुकता, एक ओळ असायची: आतली दोघं सुखरूप आहेत. त्या ओळीबद्दल खात्यानं कधीच खुलासा मागवला नाही.